परतीची तारीख मोकळी ठेवा

संपादक महोदय,

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अमेरिकेतल्या लेकी-मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांची रीघ लागते. न्यूयॉर्क, नायगारा, लास वेगास हे ठरलेलेच. पण हल्ली काही घरांत एक वेगळा बेत शिजतो. मुलाने किंवा सुनेने खासगी वैमानिकाचे लायसन काढलेले असते, फ्लाइंग क्लबचे चार आसनी विमान भाड्याने मिळत असते, आणि ‘आई-बाबा, या वेळी न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला आपणच उडत जाऊ, वाटेत सगळा देश बघू’ असे आमंत्रण येते. बेत सुंदर आहे. मोठ्या विमानातून पस्तीस हजार फुटांवरून जे ढगांखाली दडून राहते, ते लहान विमानातून हाताच्या अंतरावर दिसते. पण मागे बसणाऱ्या माणसांना या प्रवासाची काहीच कल्पना नसते, आणि त्यांच्या न बोललेल्या अपेक्षांचे ओझे पुढे बसलेल्या वैमानिकावर पडते. म्हणून हे पत्र.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. मुंबईच्या परतीच्या तिकिटाला टेकवून हा प्रवास आखू नका. लहान विमानाच्या दौऱ्यात जे काही बिघडते, त्यातले बरेचसे ‘अमुक तारखेला पोहोचायचेच’ या हट्टातून बिघडते.

आधी हिशेब. न्यू जर्सी ते दक्षिण कॅलिफोर्निया सरळ रेषेत साधारण २,१०० नॉटिकल मैल, म्हणजे ३,९०० किलोमीटर. ग्रँड कॅन्यन, मोन्युमेंट व्हॅली, सेडोना असे वळसे घेतले की अंतर २,५०० नॉटिकल मैलांवर जाते. क्लबांमध्ये सर्रास मिळणारे सेस्ना १७२ एस हवेत ताशी १२० नॉट, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास चालते. पण तिकडचे वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतात. पश्चिमेला जाताना समोरून १५ नॉटचा वारा धरला तर जमिनीवरचा वेग उरतो १०५ नॉट. म्हणजे एका बाजूचे चोवीस तास उड्डाण. येताना तोच वारा पाठीशी असतो आणि चार-पाच तास वाचतात. दिवसाकाठी पाच-सहा तासांहून जास्त उडू नये, कारण चौथ्या-पाचव्या तासानंतर वैमानिकाचे निर्णय ढिले पडू लागतात. म्हणजे जायलाच पाच दिवस, यायला चार, आणि बघण्याचे वेगळे. याच्यावर हवामानाचे किमान चार मोकळे दिवस धरा. दोन आठवड्यांच्या आत हा प्रवास बसवायचा अट्टहास करू नका, आणि भारताचे तिकीट त्याच्यानंतर निदान एका आठवड्याने ठेवा.

घाईचे काय होते याचा एक नोंदलेला दाखला आहे. ११ एप्रिल १९९६ रोजी वायोमिंग राज्यातल्या शायेन विमानतळावरून एका सेस्ना १७७ बी विमानाने सकाळी उड्डाण केले आणि काही मिनिटांत ते वस्तीत कोसळले. आत सात वर्षांची एक मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक-वैमानिक असे तिघे होते, तिघेही गेले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याहून मॅसॅच्युसेट्सपर्यंत जाऊन आठ दिवसांत परत असा त्यांचा बेत होता, आणि वाटेत जागोजागी वार्ताहर ठरलेले होते. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने काढलेली कारणे एकापाठोपाठ एक वाचावीत: वादळ अंगावर येत असताना उड्डाण, विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन, सवय नसलेली विरळ हवा, त्यामुळे वेग पडून विमानाची उचल गेली, आणि या सगळ्याला हातभार लावणारे अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक. त्या दिवशी ऊनही नव्हते, गारठा होता. तासाभराने निघाले असते तर कदाचित हा दाखला द्यायची वेळच आली नसती.

आता या कारणांकडे एकेक करून पाहू, कारण प्रत्येकात प्रवाशाचा वाटा आहे.

वजनापासून सुरुवात करू. चार आसने म्हणजे चार माणसे, असे लहान विमानात नसते. सेस्ना १७२ एसचे उड्डाणाचे कमाल वजन १,१५७ किलो. रिकाम्या विमानाचे वजन वजा केले की उरतात साधारण ३९० किलो. वापरता येईल असे इंधन २०० लिटर बसते. लिटरला ०.७२ किलो या हिशेबाने टाकी भरली की त्यातले १४४ किलो गेले. राहिले २४५. मुलगा ८०, बाबा ७५, आई ६५ धरली तर सामानाला २५ किलो. आणि सूनबाईही येणार असतील तर टाकी भरताच येत नाही. तशा वेळी इंधन कमी घेऊन टप्पे छोटे करायचे असतात, आणि तेही सपाट प्रदेशात, सकाळच्या गार हवेत. डोंगराळ भागात चौघांनी बसायचे नाही, हा नियम घरातच ठरवून टाकावा. एकाने पुढच्या गावापर्यंत बसने किंवा भाड्याच्या गाडीने जावे.

म्हणूनच मुलगा वजनकाटा घेऊन आला तर राग मानू नका. तो विचारेल ते वजन कपडे, बूट, पर्ससकट खरे सांगा. चार किलो कमी सांगण्यात कुणाचेच भले नाही. मागच्या सामानकप्प्याची मर्यादा ५४ किलो आहे, पण प्रश्न नुसत्या किलोंचा नाही. सगळे वजन शेपटीकडे गेले की विमानाचा तोल मागे सरकतो, नाक वर उचलू पाहते आणि वेग पडला तर सावरणे कठीण होते. विमानतळावर २३ किलो मोजून भरलेली ती टणक सूटकेस इथे चालत नाही. कापडी, दबणाऱ्या पिशव्या घ्या, जड वस्तू कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवा, आणि सगळे जाळीने बांधा. हिसका बसला तर सुटा पाण्याचा कॅनही डोक्याला लागतो. बाकरवडी, चिवड्याची हवाबंद पाकिटे उंचीवर फुगून टम्म होतात आणि कधी फुटतात, ती आधीच टाचणीने भोसकून डब्यात भरून घ्यावीत.

विरळ हवेचे गणित प्रवाशाला माहीत असले की वैमानिक पहाटे पाचला का उठवतो ते कळते. पंख उचल धरतात हवेच्या घनतेवर. जमीन उंच असली की हवा विरळ, आणि ऊन चढले की आणखी विरळ. वैमानिक याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात: आत्ता या हवेत विमानाला आपण किती उंचीवर आहोत असे वाटते आहे. ढोबळ हिशेब असा: त्या उंचीला जे प्रमाण तापमान असायला हवे, त्याच्यावर जेवढे अंश सेल्सिअस जास्त, तेवढे गुणिले १२० फूट, आणि ते मूळ उंचीत मिळवायचे. ग्रँड कॅन्यनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,६०९ फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईहून तो बाराशे फूट उंच. तिथे प्रमाण तापमान सुमारे दोन अंश. जुलैच्या दुपारी ३० अंश असले तर फरक २८ अंशांचा, म्हणजे ३,३६० फूट वाढले. विमानाच्या लेखी ते दहा हजार फुटांवर उभे आहे. समुद्रकाठी मिनिटाला सातशे फुटांहून जास्त चढणारे हेच विमान तिथे जेमतेम तीनशे फुटांच्या आसपास चढते, आणि समोर डोंगर असतो.

समुद्रकाठी शिकलेल्या वैमानिकाची इथे हमखास फसगत होते. वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण विरळ हवेत त्याच आकड्याला विमान जमिनीवरून १६ ते २० टक्के जोरात पळत असते. धावपट्टी भराभरा संपताना दिसते आणि हात आपोआप स्टिअरिंग मागे खेचू लागतो. विमान जमिनीलगतच्या हवेच्या उशीवर कसेबसे उचलते, दहा-वीस फुटांवर त्या उशीबाहेर आले की पुन्हा बसू लागते. दुसरी चूक मिश्रणाची. समुद्रकाठी उड्डाण इंधनाचे मिश्रण पूर्ण दाट ठेवून करतात. सहा हजार फुटांवर तसेच ठेवले तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त, इंजिन खडखडते, प्लगवर काजळी बसते आणि ताकद जाते. तिथे ब्रेकवर उभे राहून पूर्ण थ्रॉटल द्यायचा, लाल मुठीने मिश्रण हळूहळू पातळ करत इंजिनाचे फेरे सर्वांत जास्त कुठे होतात ते पाहायचे, आणि मग उड्डाण. कोलोरॅडोमधले लेडव्हिल हे उत्तर अमेरिकेतले सर्वांत उंच सार्वजनिक विमानतळ, ९,९०० फुटांच्या वर. तिथे उतरल्याचे प्रमाणपत्र मिळते म्हणून अनेकांना मोह होतो. तीन माणसे बसवून उन्हाळ्यात तिथे जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरे तर नवख्याने रॉकी पर्वताच्या मध्यातून जाऊच नये. दक्षिणेची वाट घ्यावी: कॅन्सस, ओक्लाहोमा, मग न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना. डोंगरधार ओलांडायचीच असेल तर धारेच्या दोन हजार फूट वरून, आणि समोरून न जाता ४५ अंशांच्या तिरक्या कोनात जावे. धारेमागे हवा खाली कोसळत असेल तर त्या कोनातून थोडे वळूनच परत फिरता येते. धारेच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या वर असेल तर त्या दिवशी हॉटेलातच राहावे.

हवामानाबद्दल. मधल्या सपाट प्रांतांत मे ते ऑगस्ट दुपारी वादळे उठतात. ॲरिझोनात जुलै-ऑगस्टला जो पाऊस येतो त्याला तेही मॉन्सूनच म्हणतात. मात्र तो आपल्यासारखा दिवसभर लागून राहत नाही. सकाळ लख्ख, दुपारी एक-दोनला कापसाचे ढग उभे चढू लागतात, तीनला विजा, आणि वाळवंटात धुळीची भिंत चालत येते. म्हणून या भागात उड्डाण सूर्योदयाला, आणि अकराच्या आत विमान साखळीने बांधलेले. जोरदार वादळापासून निदान २० मैल दूर राहायचे. इथे आयपॅडवरच्या रंगीत रडारचा घात होतो. अपघात चौकशी मंडळाने २०१२ मध्येच बजावले आहे की विमानात मिळणारे ते चित्र ‘एक मिनिटापूर्वीचे’ असे दाखवत असले तरी प्रत्यक्षात १५-२० मिनिटे जुने असू शकते. तेवढ्या वेळात ढग सरकून तुमच्या वाटेवर आलेला असतो. चित्र पाहून वादळ दुरूनच टाळावे. दोन लाल ठिपक्यांमधली फट शोधत शिरू नये.

ढगात शिरण्याचे त्याहून वाईट. खासगी लायसन असलेल्या प्रत्येकाला ढगातून नुसत्या काट्यांवर उडवण्याची परवानगी नसते, त्याचे शिक्षण वेगळे असते. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली असे शिक्षण नसलेल्या वीस जणांना खऱ्या विमानात, बाहेरचे काही दिसणार नाही असे करून, ढगासारख्या स्थितीत घातले. विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. कान सांगतो आपण सरळ आहोत, आणि विमान गिरकी घेत खाली जात असते. मुलाला विचारा, तुझ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ही परवानगी, आहे का? नसेल तर दिवसा, दहा हजार फुटांखाली, किमान पाच किलोमीटर दृश्यता हा कायद्याचा तळ झाला. डोंगरात आम्ही पंधरा-वीस किलोमीटरच्या खाली निघू नये असे म्हणू.

हे सारे सांभाळून जे दिसते, त्याला तोड नाही. निघतानाच हडसन नदीवरून मॅनहॅटनच्या कडेने जाता येते. १,३०० फुटांखालचा तो पट्टा नियंत्रण कक्षाच्या परवानगीशिवाय उडायला खुला आहे, पण नियम चोख पाळावे लागतात: आपल्या उजव्या काठाने चालायचे, १४० नॉटच्या वर जायचे नाही, दिवे लावलेले, आणि १२३.०५ या फ्रिक्वेन्सीवर ठरलेल्या खुणांशी आपण कुठे आहोत ते बोलत राहायचे. ८ ऑगस्ट २००९ रोजी तिथे एक लहान विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर धडकून नऊ जण गेले, त्यानंतर हे नियम कडक झाले. त्या वीस मिनिटांत मागच्यांनी वैमानिकाशी एक शब्द बोलू नये, फक्त बाहेर पाहावे आणि दुसरे विमान दिसले तर ‘दोन वाजता, आपल्या उंचीवर’ असे घड्याळाच्या भाषेत सांगावे. समोर बारा, उजवा पंख तीन, डावा नऊ.

ओहायोपासून पुढे जमीन चौकटीच्या वहीसारखी होते. १७८५ च्या कायद्याने पश्चिमेची जमीन एकेक मैलाच्या चौकोनांत मोजली गेली आणि रस्ते त्याच रेषांवर पडले. तासन्‌तास खाली उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम रेषा. विमानाचे नाक त्या रेषेशी किती तिरके आहे ते पाहून वारा कुठून आहे ते प्रवाशालाही सांगता येते. ॲरिझोनात विन्स्लो गावाजवळ मेटिओर क्रेटर दिसते, साधारण १,२०० मीटर रुंद. लोणार त्याहून मोठे, अठराशे मीटरच्या आसपास. लोणारला पाणी आणि झाडी, इथे कोरडा ठणठणीत खळगा आणि सोलून वर उचलल्यासारखी कडा. लोणार पाहिलेल्या माणसाने हे वरून जरूर पाहावे. सकाळी आठला सूर्य तिरपा असताना अर्धा खळगा सावलीत असतो, तेव्हाच त्याची खोली कळते. दुपारी बारा वाजता तेच ताटलीसारखे चपटे दिसते.

ग्रँड कॅन्यनबद्दल एक गैरसमज काढून टाकू. दरीत उतरून, कड्यांच्या मधून उडता येत नाही. १८ जून १९८६ रोजी तिथे पर्यटकांचे एक विमान आणि हेलिकॉप्टर धडकून २५ माणसे गेली. त्यानंतर दरीवर खास नियम आले. मोठे भाग उड्डाणाला बंद आहेत, १४,५०० फुटांच्या खाली त्यांत शिरायचे नाही. मध्ये चार वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत, त्यांतली ड्रॅगन कॉरिडॉर ही सर्वांत देखणी. तिथे खासगी विमानाने उत्तरेला जाताना ११,५०० आणि दक्षिणेला येताना १०,५०० फूट धरायचे असतात. या भागाचा नकाशाही वेगळा मिळतो, तो घेतल्याशिवाय जाऊ नये. दक्षिण कडा सात हजार फुटांवर आहे, म्हणजे तुम्ही तिच्या साडेतीन-चार हजार फूट वर असता. पण तळाची नदी कड्याच्याही जवळजवळ पाच हजार फूट खाली असते, त्यामुळे दृश्य मुळीच लहान वाटत नाही. फोटो काढताना मोबाइल काचेला टेकवू नका, कोपरही चौकटीवर ठेवू नका, इंजिनाचा थरथराट चित्रात उतरतो. काच प्लास्टिकची असते, ती टिश्यूने किंवा घरच्या ग्लास क्लिनरने पुसली तर चरे आणि जाळी पडते. मऊ सुती फडके आणि पाणी घ्या.

या उंचीवर ज्येष्ठांच्या तब्येतीचा प्रश्न येतो. कायद्याने वैमानिकाला साडेबारा हजार फुटांवर अर्ध्या तासाहून जास्त राहायचे तर ऑक्सिजन लागतो. पण साठीच्या पुढच्या, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्या माणसाला दहा हजारांवरच जड वाटू शकते. डॉक्टरांना आधी विचारा. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सोबत घ्या. आकडा नव्वदच्या खाली जाऊ लागला तर लगेच सांगा, खाली उतरणे हाच उपाय. सर्दी असताना उडू नका, उतरताना कानात कळ येते. विमानात स्वच्छतागृह नसते, म्हणून टप्पा दोन-सव्वादोन तासांचाच ठेवावा. त्यासाठी पाणी पिणे बंद करू नका, वाळवंटातल्या कोरड्या हवेत त्याने चक्कर येते. मळमळ होणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसावे, क्षितिजाकडे पाहावे, रिकाम्या पोटी निघू नये, आणि आलेपाकाची वडी तोंडात ठेवावी. डोके दुखू लागले, गुंगी आली आणि हीटर चालू असेल तर गप्प बसू नका. या विमानाचा हीटर इंजिनाच्या गरम सायलेन्सरभोवतीची हवा आत सोडतो. सायलेन्सरला तडा असेल तर तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, ज्याला वास नाही. हीटर बंद, बाहेरच्या हवेचे झरोके उघडे, आणि जवळच्या धावपट्टीवर उतरणे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे खिशाएवढे यंत्र स्वस्तात मिळते, ते डॅशबोर्डवर असावेच.

विमानाच्या नाकावरच्या पंख्याबद्दल, म्हणजे प्रोपेलरबद्दल, फार कळकळीने सांगतो. फिरता पंखा दिसत नाही. इंजिन पूर्ण थांबून, वैमानिकाने ‘उतरा’ म्हटल्यावरच दार उघडा, आणि उतरलात की शेपटीच्या दिशेने चाला, पुढे कधीच नाही. फोटोसाठी थांबलेल्या पंख्यावर हात टेकवून उभे राहू नका. किल्ली बंद असली तरी तार सुटलेली असेल तर पंखा थोडासा हलवल्यावरही इंजिन झटका घेऊ शकते. उड्डाणानंतर दार अर्धवट उघडले तर घाबरू नका. विमान उडत राहते, ते दार वाऱ्यानेच दोन-तीन इंचांवर धरून ठेवलेले असते. ओरडून वैमानिकाचे लक्ष वळवू नका. अशा वेळी दारापेक्षा दार लावण्याची धडपड जास्त घातक ठरते.

यंत्राच्या बाजूने चार गोष्टी मागच्यांनाही पाहता येतात. इंधन भरल्यावर वैमानिक पारदर्शक कपात नमुना काढतो. या मॉडेलला पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन, अशा तेरा ठिकाणी नमुना काढायची छोटी तोटी असते. रंग निळा हवा आणि तळाशी पाण्याचा थेंब नको. टाकीची झाकणे घट्ट आहेत ना ते त्याने शिडीवर चढून हाताने पाहिले पाहिजे. ढिल्या झाकणातून वरच्या बाजूने इंधन खेचले जाते, आणि आतल्या काट्यावर पटकन कळत नाही. कायद्याने दिवसा अर्ध्या तासाचे इंधन शिल्लक असले तरी चालते. लांबच्या दौऱ्यावर एक तास असावे, कारण पश्चिमेत दोन धावपट्ट्यांत शंभर मैलांचे अंतर पडते. ऑइल दर पन्नास तासांनी बदलावे लागते. जाऊन-येऊन चाळीस-पन्नास तास होतात, तेव्हा निघण्यापूर्वीच बदलून घ्यावे आणि दोन क्वार्ट जवळ ठेवावे. उन्हात उतरून, चहा पिऊन वीस मिनिटांनी निघायला गेलात की हे इंजिन पटकन सुरू होत नाही. बंद इंजिनाच्या उष्णतेने नळ्यांतले पेट्रोल वाफ झालेले असते. बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारत राहणाऱ्यांना मग रविवारी मेकॅनिक मिळत नाही. तासभर सावलीत बसा. बहुतेक छोट्या विमानतळांवर एक जुनी गाडी पाहुण्यांसाठी ठेवलेली असते. वही भरली की किल्ली मिळते, परत करताना पेट्रोल टाकले म्हणजे झाले. जेवून येईपर्यंत इंजिन निवते.

पैशांचा आणि कायद्याचा भाग थोडक्यात, पण नीट वाचा. खासगी वैमानिकाला भाडे घेता येत नाही. इंधन, ऑइल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचे भाडे हा खर्च बसणाऱ्यांत वाटता येतो, मात्र वैमानिकाने स्वतःचा समान वाटा भरलाच पाहिजे. म्हणजे ‘सगळा खर्च आमचा, तू फक्त चालव’ असे बाबांनी प्रेमाने म्हटले तरी ते बेकायदा ठरू शकते. प्रवासी घ्यायचे तर मागच्या ९० दिवसांत त्याची तीन उड्डाणे आणि तीन उतरणी झालेली असावी लागतात. क्लब बहुधा रोजचे किमान दोन-तीन तासांचे भाडे लावतात, उडा किंवा न उडा. आणि हवामानामुळे विमान लांब कुठे सोडून आलात तर ते परत आणायचा खर्च तुमचाच. हा भुर्दंड ऐकून माणूस नको त्या दिवशी निघतो. म्हणून ती रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा, आणि ती खर्च झाली असेच समजा. भारतातून काढलेल्या प्रवास विम्याचे ‘अपवाद’ हे पान काढून वाचा. अनेक पॉलिसींमध्ये नियमित विमान कंपनीच्या तिकिटाखेरीज इतर विमानातल्या अपघाताला भरपाई नसते. कंपनीला लेखी विचारा.

आपल्याकडे असे का फिरता येत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला लहानशा पस मॉथमधून टपाल आणले होते. पण आज उड्डाणाला हवाई संरक्षणाची मंजुरी आणि नोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि लहान विमानाचे पेट्रोल मोजक्याच ठिकाणी मिळते. त्यामुळे हौशी माणसाचा दौरा तिथेच अडतो.

शेवटचे घरी बसलेल्यांसाठी. निघण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा फ्लाइट प्लॅन, म्हणजे कुठून कुठे आणि किती वाजता याची नोंद, वैमानिकांना मदत करणाऱ्या फ्लाइट सर्व्हिसकडे करता येते आणि तो प्लॅन हवेतून चालू करता येतो. सपाट प्रदेशात अनेक जण तो कंटाळा करतात, वाळवंटात करू नये. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तो बंद झाला नाही तर विमानाची चौकशी सुरू होते, आधी फोन, मग शोध. म्हणूनच उतरल्यावर तो बंद करायची आठवण मागच्या आसनावरच्यांनी करून द्यावी. पुण्यात राहिलेल्या भावाला किंवा मुलीला विमानाच्या शेपटीवरचा नंबर, थांब्यांची नावे आणि पोहोचायच्या वेळा लिहून द्या. सोबत हेही सांगा की फोन आला नाही तर बहुधा हवामानासाठी थांबलो आहोत, आणि वैमानिकाला ‘किती वाजता पोहोचणार’ असे मेसेज करू नका. वाळवंटी टप्प्यात माणशी चार लिटर पाणी आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारे यंत्र हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको. ते यंत्र कसे दाबायचे हे आईलाही यायला हवे, कारण वैमानिकच जखमी असला तर ते तिच्याच हातात असेल.

आपले,
अमेरिकेत लहान विमाने उडवणारे आणि शिकवणारे काही मराठी वाचक